एका नंबरावर दोन हंडे

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत नळावर नंबर लागायचा तो माणसांचा नव्हे, भांड्यांचा. पाणी यायच्या आधी ज्याने आपला हंडा, कळशी नाहीतर रंगाचा रिकामा डबा रांगेत ठेवला, त्याचा नंबर पक्का. माणूस घरात चहा पीत बसला असला तरी चालायचं. पाणी जेमतेम पाऊण तास यायचं, त्यामुळे या नियमाला कायद्याहून जास्त मान होता. तरी कधीतरी कुणाचा डबा मागे सरकवला जायचा, एकाच जागेवर दोघं हक्क सांगायचे, आणि मग गॅलरीत जे ऐकू यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अशा वेळी माझ्या बाबांना बोलावणं यायचं. ते आधी मिलमध्ये होते आणि मिल बंद पडल्यावर रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत लागले होते, पण चाळीत त्यांची ओळख गाणारे म्हणून. चौदा एप्रिलची जयंती असो, कुणाचं लग्न असो की कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, बाबा गायल्याशिवाय कार्यक्रम पुरा व्हायचा नाही. भांडणात त्यांनी एक हाक मारली की दोन्ही पक्ष गप्प बसायचे.

त्या आवाजाबद्दल मला लिहायचं आहे. डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं, ते काढावंच लागणार होतं. पण आवाज मी घालवला, आणि ती गोष्ट मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेली नव्हती.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी दादरला एक कोर्स करून घरीच डीटीपीचं काम सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, हॅंडबिलं, बुद्धविहारासाठी वंदनेच्या पुस्तिका, असलं काम. कॉम्प्युटर सुटे भाग जोडून केलेला होता आणि माळ्याखालच्या कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या जागेवर बसवला होता. बिघडला की मी स्वतः उघडायचे. पूर्ण चाळीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटरच्या पोटात हात घालणारी मी एकटीच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू द्यायचे नाही. तेव्हा माझ्यात एवढी मिजास होती की आता आठवलं तरी कान गरम होतात.

त्या थंडीत बाबांचा आवाज बसला तो उठलाच नाही. आधी हळद-दूध, मग नाक्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या, आणि शेवटी परळचं मोठं हॉस्पिटल, जे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिथे दोन-तीन फेऱ्या झाल्यावर एका दुपारी ते घरी आले, चपला काढल्या, आणि आईला आणि मला एकदमच सांगून टाकलं.

"जीव राहील म्हणतात. आवाज नाही राहणार."

ऑपरेशन तीन आठवड्यांनी होतं. आई रडली. मी रडले नाही, कारण माझ्या डोक्यात लगेच कामाची चक्रं फिरू लागली होती. बाबांनी स्वतः रचलेली सात पदं होती. ती एका वहीत होती, शेकडो लोकांनी ऐकलेली होती, पण कुठेही ध्वनिमुद्रित झालेली नव्हती. तीन आठवड्यांत ती पकडून ठेवायची, एवढंच आमच्या हातात होतं.

बाबांच्या बरोबर तीस वर्षं ढोलकी वाजवणारे एक काका आमच्याच मजल्यावर राहायचे. दुसऱ्याच दिवशी ते आपला टेपरेकॉर्डर काखेत मारून आले, बरोबर कोऱ्या कॅसेटही आणल्या होत्या. मी त्यांना दारातच अक्कल शिकवली. म्हटलं, काका, टेप घासते, तिला बुरशी लागते, दोन-चार वर्षांत नुसती खरखर उरते. कॉम्प्युटरवर घेतलेलं कायमचं राहतं. काका म्हणाले, दोन्हीवर घेऊ की. मी म्हटलं, एका खोलीत दोन माईक नकोत, आणि ढोलकी तर नकोच, एका माईकमध्ये ढोलकी आवाजाला खाऊन टाकेल. ते टेपरेकॉर्डर घेऊन परत गेले. तो माणूस तीस वर्षं ज्याच्या मागे बसला होता त्याच्या शेवटच्या गाण्याला मी त्याला येऊ दिलं नाही.

रेकॉर्डिंगसाठी मी लॅमिंग्टन रोडवरून साउंड कार्ड आणलं, कॉम्प्युटरला आवाज घेता आणि ऐकवता यावा म्हणून. ते बसवताना बाबा माझ्या शेजारी बॅटरी धरून बसले होते, कारण त्या कोपऱ्यात भर दुपारीही अंधार असायचा. मी त्यांना समजावून सांगत होते. प्रत्येक कार्डाला एक नंबर लागतो. त्याचं काम निघालं की ते आपल्या नंबराच्या तारेवरून मुख्य चिपला हाक मारतं, हातातलं ठेव आणि आधी माझ्याकडे बघ म्हणून. कीबोर्डचा एक नंबर, माउसचा एक, घड्याळाचा एक. नंबर मोजके आणि मागणारे फार.

"म्हणजे नळच की," बाबा म्हणाले. "आणि एका नंबरावर दोन हंडे आले तर?"

मी म्हटलं, तर मग काम अडतं. एकाला उठवायचं आणि दुसरा नंबर द्यायचा. कार्डावर छोटी टोपी असते, जंपर म्हणतात तिला, ती इकडून तिकडे लावली की नंबर बदलतो. आपल्या या कार्डाचा नंबर पाच.

त्यांनी बॅटरी कार्डावर धरून ती टोपी नीट पाहिली. बोलताना घशात खरखर यायची म्हणून आताशा ते मोजकंच बोलत. मग म्हणाले, "आणि एखाद्याने नुसताच रिकामा डबा ठेवला असेल, पाणी नकोच असेल त्याला, तर?"

मी हसले. म्हटलं, बाबा, ही यंत्रं आहेत, आपली चाळ नाही.

रेकॉर्डिंग एका रविवारी दुपारी केलं. नळाला पाणी नव्हतं, अर्धी चाळ झोपलेली होती. आईला मी गॅलरीच्या पार टोकाला, नळापाशी उभं केलं, कुणी भांडी घासायला बसू नये आणि पोरांनी आरडाओरडा करू नये म्हणून. दार-खिडकी लावली. बाबा खाटेवर मांडी घालून बसले. वरच्या पट्टीत त्रास व्हायचा म्हणून त्यांनी पट्टी उतरवली होती, आणि त्या पट्टीत गळा अजून त्यांचाच होता. सवयीने ते बोटांनी खाटेच्या पाटीवर ताल धरायचे, तर मी हात करून तेही थांबवलं, कारण माईकमध्ये टकटक येत होती. मग ते हात मांडीवर ठेवून गायले.

स्क्रीनवर एक हिरवी रेघ होती. आवाज चढला की ती थरथरून मोठी व्हायची. फार मोठी झाली तर आवाज फाटतो, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत होते. सातही पदांत ती एकदाही हद्दीबाहेर गेली नाही. मला धन्य वाटलं. घरात स्पीकर नव्हते. ऐकायचं मागाहून, असं ठरलं, कारण बाबा दमले होते आणि म्हणाले, "आलंय ना? मग झालं." फाइली एवढ्या मोठ्या होत्या की एका फ्लॉपीत एक पदसुद्धा मावेना. दादरला एकाकडे सीडी लिहायचं यंत्र होतं, त्याच्याकडे जयंतीची कामं उरकली की जाऊ, असं मी मनाशी ठरवलं.

जयंतीची कामं म्हणजे पत्रिका आणि पुस्तिका. आता एक छोटीशी गोष्ट सांगायला हवी. तेव्हा मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घेतलं की बरोबर एक 'लॉक' यायचं. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी. ती कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि तिच्या मागे प्रिंटरची वायर. डबी नसेल तर मराठी उघडत नसे. पण डबीचं आणि माझ्या प्रिंटरचं कधी जमलं नाही. प्रिंटर बंद असला की सॉफ्टवेअर म्हणायचं, लॉक कुठे आहे? काम करणारा प्रत्येक जण या डबीला शिव्या घालायचा. त्यावर मी उपाय काढला, प्रिंटरसाठी दुसऱ्या सॉकेटचं वेगळं कार्ड. रेकॉर्डिंगनंतर दोन दिवसांनी ते घाईघाईत बसवलं. जंपर कुठल्या नंबरावर आहे हे पाहिलंसुद्धा नाही. प्रिंटर खडखडत चालू लागला, लॉक गप्प बसलं, आणि मी स्वतःवर खूश होऊन पुढच्या कामाला लागले.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले तेव्हा गळ्यात छोटी नळी होती आणि हातात शाळेच्या पोराची असते तशी पाटी. जे बोलायचं ते लिहायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. अक्षर त्यांचं सुंदर होतं.

जयंतीच्या आधीच्या रविवारी लोक ऐकायला आले. ढोलकीवाले काका सगळ्यांत आधी येऊन खाटेजवळ बसले. खोलीत दहा-बारा जण, बाकीचे दारात आणि गॅलरीत. मी एका मैत्रिणीकडून स्पीकर मागून आणले होते आणि कॉम्प्युटर चालूच होता, त्यात फक्त वायर खोचली. बाबा धुवट सदरा घालून भिंतीला टेकून बसले होते. मी पहिलं पद लावलं. त्याची सुरुवात 'ऐका' या शब्दाने होती.

"ऐका" आलं. मग पुन्हा "ऐका". मग "ऐका, ऐका, ऐका", त्याच ठोक्यात, त्याच जागी. मी बंद केलं, दुसरं लावलं. दुसऱ्याचाही पहिलाच तुकडा अडकून पुन्हा पुन्हा वाजू लागला. तिसऱ्याचं तेच. कुणीतरी लहान मूल हसलं आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. सातही पदं मी लावून पाहिली, कारण थांबायचं कसं हे मला कळत नव्हतं. लोक हळूहळू उठले, बाबांच्या खांद्याला हात लावून गेले. काका जाताना म्हणाले, "दादरला तुझ्या सरांना दाखव ना एकदा." मी म्हटलं, त्यांना काय माझ्यापेक्षा जास्त कळतं?

सगळे गेल्यावर बाबांनी पाटी माझ्यापुढे धरली. 'घसा आधीच गेला होता. मलाच कळलं नाही. तुझी चूक नाही.'

तेव्हा मला ते खरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. पण सोयीचं वाटलं. घसा खराब, म्हणून रेकॉर्डिंग खराब. खरं तर पाहता क्षणी कळायला हवं होतं. सात वेगवेगळ्या पदांत, प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर माणसाचा गळा अडखळत नाही. तसं फक्त यंत्र अडखळतं. पण मी दहा-बारा माणसांपुढे तोंडघशी पडले होते आणि मला त्या फाइलींकडे बघवत नव्हतं. दोन दिवसांनी पुस्तिकेची पानं सेव्ह होईनात, डिस्क भरली होती. सगळ्यांत जास्त जागा त्या सात फाइलींनी खाल्ली होती. मी त्या पुसून टाकल्या. कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकल्या. त्या जागेवर पुस्तिकेची पानं बसली आणि पुस्तिका वेळेवर छापून गेली.

जून उजाडला असेल. मैत्रिणीने नवे स्पीकर घेतले आणि जुने मला देऊन टाकले. मी ते लावले आणि मग कॉम्प्युटर चालू केला. चालू होताना जी ठरलेली धून वाजते, ती वाजू लागली आणि अडकली. पहिलाच तुकडा, पुन्हा पुन्हा, अगदी त्याच ठोक्यात. त्या धुनेला काही घशाचा आजार नव्हता.

मी खुर्चीवरून उठलेच नाही. कॉम्प्युटरमधल्या कार्डांच्या यादीत पाहिलं तर प्रिंटरच्या नव्या कार्डापुढे पिवळं चिन्ह होतं. त्याचाही नंबर पाच. गंमत अशी की प्रिंटरला त्या नंबराची फारशी गरजही नसते, त्याच्यावाचून तो छान चालतो. पण कार्ड ती तार धरून बसलेलं होतं आणि साउंड कार्डाची 'पुढचा तुकडा दे' ही हाक पुढे जाऊ देत नव्हतं. रिकामा डबा. पाणी नकोच असलेला. बाबांनी बॅटरी धरून विचारलं होतं तेच. मी कॅबिनेट उघडलं, चिमट्याने जंपरची टोपी काढून बाजूच्या पिनांवर लावली, पुन्हा चालू केलं. धून स्वच्छ वाजली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

रेकॉर्डिंग केलं तेव्हा ते कार्ड आत नव्हतंच. म्हणजे फाइलींमध्ये बाबा होते, सातही पदांत, अखेरपर्यंत. अडखळत होतं ते फक्त ऐकवणं, आणि ऐकवण्यातल्या चुकीपायी मी गाणंच फेकून दिलं.

बाबा बाहेर गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि मुठीतले दाणे माझ्यापुढे केले. मी दाणे घेतले आणि आत आले. त्यांना समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती, कारण नंबराचं प्रकरण त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं की आता सांगून काय होणार, उलट जास्त लागेल त्यांना. हे मी दया म्हणून करते आहे असंही वाटून घेतलं. दया कसली, लाज होती ती. त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले आणि त्यांतल्या एकाही दिवशी मी ती दोन वाक्यं बोलले नाही.

आता मी एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. हल्लीची यंत्रं नंबर आपापसांत वाटून घेतात, कुणाला जंपर माहीत नाही. गेल्या महिन्यात चाळ रिकामी करायची नोटीस आली, तिथे टॉवर होणार आहे. आईला माझ्याकडे प्रभादेवीला आणायचं होतं, म्हणून माळा उतरवायला घेतला. वह्या, तांब्याचा बंब, ढोलकीचं एक जुनं चामड्याचं पान, आणि मागे जुन्या साडीत बांधलेलं ते कॅबिनेट. मला वाटत होतं ते केव्हाच भंगारात गेलं. आईने ते ठेवून दिलं होतं.

"यात त्यांचा आवाज होता ना," ती म्हणाली. "बिघडलेला का असेना."

मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. दोन वाक्यांत नाही जमलं, बराच वेळ लागला. लॉक, कार्ड, पाच नंबर, पुसलेल्या फाइली, शेंगांचे दाणे. ती साडीची गाठ सोडवत ऐकत होती. तिने मला बोल लावला नाही. गाठ सुटल्यावर म्हणाली, "दरवर्षी जयंतीला खिडकी लावून बसायचे. काका बोलवायला यायचे तरी जायचे नाहीत. मला वाटायचं, गाता येत नाही म्हणून. एकदा मी फारच मागे लागले तर पाटीवर लिहिलं, लोकांनी माझा शेवटचा आवाज ऐकला तो तसा. कुठल्या तोंडाने जाऊ?"

ती पाटी तिने पुसली असेल, त्यांनी पुसली असेल. अकरा वर्षं ते त्या एका अडकलेल्या शब्दाची लाज बाळगत बंद खिडकीमागे बसले, आणि ती लाज त्यांची नव्हती, माझी होती.

"म्हणजे चांगला आला होता," आई म्हणाली.

"पूर्ण आला होता."

तिने कॅबिनेटवरची धूळ पदराने पुसली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कसे गायले होते गं त्या दिवशी? मी तर नळापाशी उभी होते. आत तू एकटीच होतीस."

मी आठवायचा प्रयत्न केला. खाट आठवली, लावलेली खिडकी आठवली, मांडीवर ठेवलेले त्यांचे हात आठवले, कारण ते मीच थांबवले होते. या वेळी मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "आई, मला नाही माहीत. मी रेघेकडे बघत होते."